एक मोठी कार फेरी घ्यावी की दोन मध्यम?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वीस मिनिटांच्या एका प्रादेशिक जलमार्गावर सध्या शंभर गाड्यांची एक जुनी फेरीबोट चालते. ती बदलण्याची वेळ आली आहे आणि फेरीप्रेमींमध्ये दोन तट पडले आहेत. एका गटाला दोनशे गाड्यांची, अधिक वेगवान अशी एकच नवी बोट हवी आहे, तर दुसऱ्याला शंभर-शंभर गाड्यांच्या दोन बोटी हव्या आहेत. बोटी दुतोंडी (दोन्ही टोके सारखी असलेल्या, न वळता परत निघणाऱ्या) का बांधतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या बोटींवर कितपत विसंबावे, हेही आपण विचारले आहे. मी आधी कार डेकवर आणि पुढे वेळापत्रकाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. या वादात बोटीची जेवढी चर्चा होते तिच्या निम्मीही धक्क्याची होत नाही आणि सेवेचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा धक्क्यावरच ठरते.

आधी वेगाचा मुद्दा निकालात काढू. वीस मिनिटांचा प्रवास आणि प्रत्येक धक्क्यावर दहा मिनिटांचा थांबा धरला, तर जाऊन-येऊन एक फेरी साठ मिनिटांची होते. ती चोपन्न मिनिटांवर आणायची असेल तर दोन मार्ग आहेत. प्रत्येक धक्क्यावरची तीन मिनिटे वाचवावीत, किंवा प्रत्येक प्रवासातली तीन मिनिटे वाचवावीत. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पाण्यात त्यांची किंमत फार वेगळी आहे. प्रवासाच्या वीस मिनिटांपैकी साधारण चार मिनिटे धक्का सोडण्यात आणि धक्का गाठण्यात जातात आणि तेथे वेग वाढवता येत नाही. म्हणजे ती तीन मिनिटे उरलेल्या सोळातूनच काढावी लागतात आणि त्यासाठी वेग जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढवावा लागतो. बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे इंजिनांना १.८६ पट शक्ती द्यावी लागते आणि वेळ कमी लागूनही त्या टप्प्यावरचे इंधन दीडपट जळते. शिवाय उथळ खाडीत वेग वाढला की बोट पाण्यात अधिक खाली बसते आणि तिच्या लाटांनी किनाराही खचतो. धक्क्यावरची तीन मिनिटे वाचवायला इंधनाचा एक थेंबही जास्त लागत नाही. तेथे लागतो तो चांगला रॅम्प, नीट आखलेले वाहनतळ आणि सराव असलेले खलाशी.

आता दोनशे गाड्यांच्या बोटीचा हिशेब करू. माझ्या अनुभवात रॅम्पवरच्या एका रांगेतून मिनिटाला बारा ते पंधरा गाड्या सुरळीत जातात. त्यात एखादा लांब ट्रक किंवा मागे ट्रेलर जोडलेली गाडी आली की हा आकडा लगेच घसरतो. दोन रांगांच्या रॅम्पवरून शंभर गाड्या उतरवून दुसऱ्या शंभर चढवायला आठ मिनिटे लागतात आणि बोट टेकवणे व सोडणे धरून दहा मिनिटांचा थांबा जेमतेम पुरतो. त्याच रॅम्पवर दोनशे गाड्यांची बोट आणली तर थांबा सुमारे अठरा मिनिटांचा होतो आणि फेरी शहात्तर मिनिटांची. म्हणजे बोट दुप्पट झाली, पण एका दिशेची वाहतूक तासाला शंभरवरून जेमतेम एकशे अठ्ठावन्न गाड्यांपर्यंत पोहोचली. शंभर गाड्यांच्या दोन बोटी अर्ध्या तासाच्या अंतराने सोडल्या, तर त्याच रॅम्पवरून, एकाही नव्या धक्क्याशिवाय, तासाला दोनशे गाड्या जातात, कारण प्रत्येक धक्का साठपैकी वीसच मिनिटे व्यापलेला असतो. वेळापत्रक न पाहता येणाऱ्या माणसाला पहिल्या व्यवस्थेत सरासरी अडतीस मिनिटे थांबावे लागते, दुसऱ्या व्यवस्थेत पंधरा. दररोज दवाखाना, शाळा किंवा नोकरीसाठी पलीकडे जाणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक बोटीच्या कुठल्याही देखणेपणापेक्षा मोठा आहे.

मोठ्या बोटीचे समर्थक येथे रॅम्प रुंद करण्याचा किंवा वरच्या डेकला वेगळा रॅम्प देण्याचा उपाय सुचवतील. तो योग्यच आहे, पण तसे करताच खर्च बोटीवरून धक्क्यावर सरकतो, आणि धक्क्याचा खर्च कसा फुगतो याचे ठळक उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले आहे. कुक सामुद्रधुनीसाठी दोन मोठ्या, रेल्वेचे डबेही नेणाऱ्या बोटींचा करार ५५.१ कोटी न्यूझीलंड डॉलरना झाला होता. त्या बोटींना लागणारे धक्के आणि बंदरातील कामे धरून पूर्ण प्रकल्पाचा अंदाज सुमारे ३ अब्ज डॉलरवर गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने पुढचा निधी नाकारल्यावर प्रकल्पच गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियात ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया ४’ फिनलंडमधील राउमा येथे बांधून झाली, पण डेव्हनपोर्टला तिच्यासाठीचा धक्का तयार नसल्याने २०२४ च्या अखेरीपासून ती काही महिने स्कॉटलंडमधील लीथ बंदरात उभी राहिली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ‘ग्लेन सॅनॉक्स’ तर तिला झालेल्या विलंबासाठीच प्रसिद्ध आहे. २०१५ साली मागवलेली ही बोट जानेवारी २०२५ मध्ये सेवेत आली. ती अरन बेटाच्या मार्गासाठी होती, पण आर्ड्रोसनच्या जुन्या धक्क्याला तिचा आकार मानवत नसल्याने तिला ट्रून येथून, अधिक लांबच्या मार्गाने सोडावे लागले. या तिन्ही ठिकाणी बोटीचा निर्णय आधी झाला आणि धक्का मागे राहिला.

दुतोंडी रचनेचे कारणही धक्क्यावरच सापडते. एकतोंडी बोटीला प्रत्येक फेरीत कुठेतरी वळावे लागते. लहान बंदरात ते वळण वाऱ्याच्या दिवशी पाच मिनिटे खाते आणि खलाशांचा कस पाहते. तिला एकाच टोकाला दार असेल तर गाड्या उलट्या चालवत चढवाव्या लागतात, आणि अरुंद डेकवर ट्रेलर उलटा घेणाऱ्या नवख्या चालकामागे किती वेळ जातो हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. दुतोंडी बोटीत गाड्या एका बाजूने चढतात, दुसऱ्या बाजूने उतरतात आणि बोट न वळता परत निघते. तिला या सोयीची किंमत मोजावी लागते. दोन्ही टोके सारखी ठेवल्यामुळे तिचा तळ एकतोंडी बोटीइतका सुबक ठेवता येत नाही आणि पुढच्या टोकाचा पंखा (प्रोपेलर) प्रवासात ओढ निर्माण करतो. म्हणूनच लांब आणि खवळलेल्या मार्गावर एकतोंडी बोटच बरी पडते. मार्ग छोटा असेल तर मात्र दुतोंडी बोटीला पर्याय नाही, आणि हा प्रकार फक्त लहान बोटींपुरता मर्यादितही नाही. सिअॅटल ते बेनब्रिज बेट या सुमारे ३५ मिनिटांच्या मार्गावर चालणाऱ्या वॉशिंग्टन राज्याच्या ‘जम्बो मार्क २’ वर्गातील बोटी २०२ गाड्या नेतात आणि त्या दुतोंडीच आहेत.

थांब्याची दहा मिनिटे नेमकी कशी जातात ते बारकाईने पाहिले पाहिजे. बोट टेकताच कप्तान दोर बांधायची वाट पाहत नाही. तो पंखे हळू फिरते ठेवून बोट धक्क्याच्या फेंडरवर (आघात झेलणाऱ्या गादीवर) दाबून धरतो. रॅम्पची लोखंडी पट्टी डेकवर टेकते तेव्हा तिच्याखालच्या फटीत हात जाईल एवढे अंतर राहिले, तरी ठेंगण्या गाड्यांचा तळ घासतो, म्हणून एक खलाशी तेथेच उभा राहून प्रत्येक गाडीची चाके पाहतो. चढवताना सगळ्यात जड ट्रक मधल्या रांगेत घेतले जातात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हलक्या गाड्या भरल्या जातात. भराई एका अंगाला झुकली की बोट लगेच त्या बाजूला कलते, रॅम्प पिळला जातो आणि काम थांबते. चांगला डेक अधिकारी हे सारे वाहनतळावरच ठरवतो. गाड्या रांगेत लागल्या असतानाच कोणती रांग आधी सोडायची हे त्याने पक्के केलेले असते, म्हणून डेकवर त्याला बोलावेही लागत नाही. पायी प्रवाशांना गाड्यांच्याच रॅम्पवरून सोडले तर दर वेळी दोन मिनिटे हमखास जातात. त्यांच्यासाठी वेगळा पादचारी पूल हा ती मिनिटे वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तो इतक्या ठिकाणी का नाही, याची मला आजही खंत वाटते.

भरती-ओहोटी असेल तर बोट आणि जमीन यांची उंची जुळवणारा हलता पूल लागतो, ज्याला या व्यवसायात लिंकस्पॅन म्हणतात. ही कल्पना नवी नाही. १८५० मध्ये स्कॉटलंडच्या फोर्थ खाडीत ‘लेव्हायथन’ ही रेल्वेचे डबे नेणारी फेरी सुरू झाली तेव्हा थॉमस बाउच यांनी पाण्याच्या पातळीप्रमाणे जुळवून घेणारा रॅम्प तयार केला होता. हा पूल आणि बोट एकमेकांसाठी घडलेले नसतील तर काय होते, हे ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग येथे जगाने पाहिले. ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट डोव्हर-कॅले मार्गासाठी बांधलेली होती आणि तेथे दोन मजली रॅम्प होते. झेब्रुगचा रॅम्प एकाच मजल्याचा होता आणि मोठ्या भरतीच्या वेळी तो वरच्या डेकपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून पुढच्या बॅलास्ट टाक्यांत पाणी भरून बोटीचे नाक खाली आणावे लागे. त्या संध्याकाळी ती पुढून झुकलेल्या अवस्थेतच निघाली, पुढची दारे उघडी राहिली होती आणि दारांची स्थिती कप्तानाला दाखवणारे दिवे ब्रिजवर (कप्तानाच्या कक्षात) नव्हते. कार डेकवर पाणी शिरले आणि सुमारे दीड मिनिटात बोट आडवी झाली. त्यात १९३ माणसे गेली. दार बंद न झाल्याची चर्चा नेहमी होते आणि ती व्हायलाच हवी, पण बोट पुढून खाली का होती याचे उत्तर न जुळणाऱ्या रॅम्पमध्ये आहे, हे फेरीप्रेमींनी विसरू नये.

कार डेकवरचे पाणी एवढे घातक का ठरते, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण बोट निवडताना ते उपयोगी पडते. ८० मीटर लांब आणि २० मीटर रुंद डेकवर ३० सेंटिमीटर पाणी साचले की त्याचे वजन सुमारे ४८० टन होते. केवळ वजनाने बोट बुडत नाही; बोट जराशी कलली की ते सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. या परिणामाची तीव्रता पाण्याच्या पसाऱ्याच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते, म्हणून मधोमध एक लांब भिंत घातली तर तो एक चतुर्थांशावर येतो. गाड्या चालवण्यासाठी डेक मोकळा लागतो, त्यामुळे अशा भिंती घालणे अवघड असते, आणि कार फेरीचा मूळ धोका तिच्या मूळ सोयीतूनच निर्माण होतो. ३१ जानेवारी १९५३ रोजी ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ या फेरीची मागची दारे लाटांनी फोडली आणि आत आलेले पाणी बाहेर काढायला निचऱ्याची भोके अपुरी पडली. २००६ साली तांबड्या समुद्रात ‘अल-सलाम बोकाचिओ ९८’वर आग विझवण्यासाठी मारलेले पाणी निचरा तुंबल्याने डेकवर साचले आणि बोट उलटली, हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. समुद्राचे पाणी आत आलेच नाही तरी हा धोका असतो, हे त्या दुर्घटनेने दाखवले. १९९४ मध्ये ‘एस्टोनिया’ ही फेरी बुडून ८५२ जणांचा बळी गेल्यानंतर उत्तर युरोपातील देशांनी १९९६ च्या स्टॉकहोम करारान्वये कार डेकवर अर्ध्या मीटरपर्यंत पाणी साचले तरी बोट तग धरेल अशी अट घातली. आपला मार्ग सुरक्षित खाडीतला असेल तर बाजूंनी उघड्या डेकची बोट सर्वांत चांगली, कारण आलेले पाणी तिथल्या तिथे बाहेर पडते. मार्गावर मोठ्या लाटा येत असतील तर बंद डेक लागतो आणि मग दारे, निचरा, दिवे आणि कॅमेरे यांवर एक पैसाही वाचवू नये.

दोन बोटींच्या बाजूने आकडे असले तरी त्यांना विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. खलाशांची संख्या गाड्यांवर ठरत नाही. ती प्रवाशांना बाहेर काढण्याच्या नियमांवर ठरते, त्यामुळे दोनशे गाड्यांच्या बोटीला शंभर गाड्यांच्या बोटीच्या दुप्पट माणसे लागत नाहीत. दोन बोटी म्हणजे दोन कप्तान, दोन इंजिनीअर, आणि तेही प्रत्येक पाळीला. जेथे परवानाधारक माणसेच मिळत नाहीत तेथे दुसरी बोट कागदावर चालते आणि प्रत्यक्षात धक्क्याला बांधलेली राहते. लांबीचाही प्रश्न आहे. लांब बोट जास्त लाटांत चालते, त्यामुळे उघड्या समुद्रावर दोन लहान बोटी एकाच दिवशी बंद पडतील आणि एक मोठी चालू राहील. तरीही कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात गॅब्रिओला आणि क्वाड्रा या बेटांच्या लहान मार्गांवर एकेका जुन्या बोटीच्या जागी ४७ गाड्यांच्या दोन-दोन ‘आयलंड क्लास’ बोटी आणल्या गेल्या. इंग्लंडमधील प्लिमथजवळच्या टॉरपॉइंटला साखळीवर चालणाऱ्या, प्रत्येकी ७३ गाड्यांच्या तीन बोटी शेजारी-शेजारी धावतात आणि गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी एक सुटते. तेथे एक बोट दुरुस्तीला गेली तरी दोन उरतात.

या शेवटच्या गोष्टीला मी फार वजन देतो. कोणतीही बोट ठरावीक काळाने ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून बोट दुरुस्त करण्याच्या गोदीत) जातेच, आणि एकच बोट असलेल्या मार्गाला त्या आठवड्यांत उधारीच्या बोटीवर दिवस काढावे लागतात. ती उधारीची बोट आपल्या धक्क्याला बसेल याची खात्री कोण देणार? वॉशिंग्टन राज्यात १९२७ साली बांधलेल्या ‘स्टील इलेक्ट्रिक’ वर्गाच्या बोटी तळाच्या पत्र्याला गंज लागल्याने नोव्हेंबर २००७ मध्ये एकदम सेवेतून काढल्या गेल्या. पोर्ट टाउनसेंड समोरचे कीस्टोन बंदर इतके अरुंद आणि उथळ आहे की राज्याच्या ताफ्यातली दुसरी कोणतीही कार फेरी तेथे चालू शकेना. शेवटी राज्यातल्याच एका काउंटीची (जिल्ह्याची) लहानशी बोट भाड्याने घ्यावी लागली आणि त्या बंदराला मानवणारी पहिली नवी बोट, ‘चेट्झेमोका’, २०१० मध्ये आली. ऐंशी वर्षांच्या बोटी चालवल्याबद्दल त्या काळी पुष्कळ टीका झाली, पण माझ्या मते खरा दोष एकाच प्रकारच्या बोटीला मानवणारे बंदर तसेच ठेवण्यात होता.

बॅटरीबद्दल आता शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. नॉर्वेत लाव्हिक-ओपेडाल मार्गावर ‘अँपिअर’ ही १२० गाड्यांची बोट २०१५ मध्ये बॅटरीवर चालू लागली, आणि मॉस-हॉर्टन मार्गावर २०२१ मध्ये आलेली ‘बास्टो इलेक्ट्रिक’ सुमारे २०० गाड्या नेते. डेन्मार्क व स्वीडनमधील हेलसिंगोर-हेलसिंगबोर्ग मार्गावर ‘टायको ब्राहे’ आणि ‘अरोरा’ या जुन्याच बोटींत बॅटऱ्या बसवल्या गेल्या आणि धक्क्यावरचा यांत्रिक हात काही मिनिटांत त्या भारित करतो. अडचण आहे ती धक्क्याच्या दहा मिनिटांची. त्यातली चार मिनिटे जोडण्या-सोडण्यात गेली तर भारणाला सहा मिनिटे उरतात आणि तेवढ्यात पुढच्या प्रवासाला पुरेल अशी ऊर्जा द्यायची तर खेड्यातली वीजवाहिनी तो झटका सोसत नाही. म्हणून ‘अँपिअर’साठी दोन्ही किनाऱ्यांवर बॅटऱ्या बसवल्या गेल्या; त्या वाहिनीतून सावकाश भरतात आणि बोट आली की भराभर देतात. बोट मागे-पुढे सरकली तर जोडणी तुटते, म्हणून तेथे निर्वात पकडीने बोट धक्क्याला आपोआप धरून ठेवली जाते आणि पंखे फिरवण्याची ऊर्जाही वाचते. येथे दोन बोटींच्या समर्थकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अर्ध्या तासाने बोट येऊ लागली की किनाऱ्यावरच्या बॅटरीला पुन्हा भरायला वेळही अर्धाच मिळतो, त्यामुळे तिची क्षमता आणि वीजवाहिनी दोन्ही आधी तपासली पाहिजेत. वर उल्लेखलेल्या ‘आयलंड क्लास’ बोटी पूर्ण विजेवर चालण्याच्या तयारीने बांधल्या गेल्या, पण किनाऱ्यावर भारणाची सोय नसल्याने त्या सेवेत आल्या त्या डिझेलच्या आधारानेच.

आपल्या मार्गासाठी मी शंभर गाड्यांच्या, बाजूंनी उघड्या डेकच्या, एकमेकींसारख्या दोन दुतोंडी बोटी निवडीन, पण मार्ग खाडीच्या आत असेल आणि दुसऱ्या बोटीसाठी परवानाधारक माणसे खरोखरच उपलब्ध असतील तरच. बोटींची निविदा काढण्यापूर्वी दोन्ही धक्क्यांच्या रॅम्पची रुंदी, ते पेलू शकतात ते वजन, सर्वांत खालच्या ओहोटीला मिळणारी पाण्याची खोली आणि उपलब्ध वीज यांची मोजणी करून घ्यावी, आणि शेजारच्या मार्गांवरच्या बोटी तेथे बसतात का हेही पाहावे. माणसे मिळणार नसतील किंवा मार्गावर मोकळ्या समुद्राची लाट येत असेल, तर दीडशे गाड्यांची एकच लांब बोट घ्यावी, वाचलेले पैसे तीन रांगांच्या रॅम्पवर आणि पादचारी पुलावर खर्च करावेत, आणि ड्राय डॉकच्या आठवड्यांसाठी बदली बोटीचा करार पहिल्याच दिवशी करून ठेवावा. जुनी बोट विकण्याची घाई मात्र कोणत्याही पर्यायात करू नये. नवी बोट एका पूर्ण हिवाळ्यात आणि एका पूर्ण सुट्टीच्या हंगामात चालून दाखवेपर्यंत तिला चालू स्थितीत ठेवावे.